नाहीताईंनी न केलेली सही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, मंचावर विराजमान प्रमुख पाहुणे आणि संचालक, प्रशिक्षक मंडळी, माझ्यासोबत आणि माझ्यानंतर या क्लबची जर्सी घातलेले खेळाडू, मैदानाचं गवत राखणारे काका, आमचे चिखलाचे कपडे धुणाऱ्या मावश्या, हरलो तरी घसा फुटेस्तोवर ओरडणारे समर्थक, आणि तो भला मोठा पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन अवघडून बसलेल्या आमच्या ताई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'माजी कर्णधाराचे मनोगत, पाच मिनिटे' असं छापलंय. सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलं, "गोड बोला आणि थोडक्यात आटपा." थोडक्यात आटपायचा प्रयत्न करतो. गोडाचा शब्द मी दिलेला नाही.

माझ्याआधी चार वक्ते झाले. अध्यक्षांनी ताईंना संघाचा कणा म्हटलं. संचालकांपैकी एकांनी 'निःस्वार्थ सेवेचा मूर्तिमंत आदर्श' म्हटलं, तेही कागदात बघून. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मनात एक साधा प्रश्न आला, तो विचारून टाकतो. ताईंचं वय छप्पन्न. इथल्या नियमानुसार निवृत्ती अठ्ठावन्नला. कणा इतका मजबूत आहे तर दोन वर्षं आधीच काढून काचेच्या कपाटात का ठेवताय?

असो. उत्तर अध्यक्षांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. तुम्हाला सांगायलाच उभा राहिलोय.

ज्या पाहुण्यांना ताई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या क्लबच्या फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यांनी चोवीस वर्षं काढली. त्यांची खोली पूर्वेकडच्या स्टँडखाली, गरम पाण्याच्या टाकीला लागून. वर प्रेक्षक नाचले की खाली छताची पोपडी टेबलावर पडायची. तपासणीच्या पलंगाचं रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्ट्यांची ठिगळं. गळ्यात शिट्टी नाही, स्टेथोस्कोप नाही, शिंप्याची मोजपट्टी. त्या पट्टीनं त्या आमच्या मांड्या मोजायच्या. गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर खूण करायची आणि दोन्ही पायांची जाडी मोजायची. जायबंदी पाय वाळतो. माणूस खोटं बोलतो, मांडी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही त्यांना नाहीताई म्हणायचो. "ताई, शनिवारी खेळू?" "नाही." "बुधवारी?" "नाही." "निदान राखीव खेळाडूंत बसू?" "बस की, पण माझ्या शेजारी." आमच्या एका गोलरक्षकानं बोट मोडलेलं लपवायला तीन दिवस हात खिशात घालून काढले. जेवतानासुद्धा. चौथ्या दिवशी ताईंनी त्याच्याकडे नुसता चेंडू टाकला. गडी सवयीनं झेलायला गेला आणि असा ओरडला की टाकीवरची कबुतरं उडाली! ताई म्हणाल्या, "चल, आता खिसा बघू." तो गोलरक्षक आज इथे बसलाय. बोट सरळ आहे. हसतोय बघा.

आता बाहेरच्यांना वाटतं, एवढा मोठा क्लब, यंत्रं आहेत, डॉक्टर आहेत, खेळाडू पडला की झेलायला पन्नास हात पुढे येत असतील. येतात ना. पण ते हात झेलायला येतात की परत ढकलायला, हे आतल्यालाच कळतं. दर गुरुवारी एक बैठक होते. भिंतीवर फळा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रंगीत चकती. हिरवी म्हणजे खेळू शकतो, पिवळी म्हणजे बघू, लाल म्हणजे नाही. चकती बदलायचा अधिकार कागदोपत्री फक्त फिजिओ आणि डॉक्टरांना. मी कर्णधार म्हणून चार वर्षं त्या बैठकीला बसलोय. सामना सोपा असेल तर फळा लाल-पिवळा असतो, सगळ्यांना सगळ्यांची काळजी. सामना अटीतटीचा आला की गुरुवार दुपारपासून फळा हिरवागार होऊ लागतो. एका आठवड्यात सहा जणांचे स्नायू बरे होतात. कुठलं औषध म्हणायचं हे?

आणि वर्तमानपत्रांना काय सांगतात? 'किरकोळ ताण. खबरदारी म्हणून विश्रांती.' माझ्या गुडघ्याचे दोन तुकडे झाले त्या दिवशीही हेच छापून आलं होतं. किरकोळ ताण!

पाणी मिळेल का? आभारी आहे.

माझी गोष्ट सांगतो. सात वर्षांपूर्वीची. मी बचावफळीत मध्यभागी खेळायचो. मला 'खांब' म्हणायचे. एका सामन्यात हेडर मारून खाली आलो आणि उजवा गुडघा आत वळला. गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक लिगामेंट असतो, तो तुटला. शस्त्रक्रिया झाली. मांडीमागची एक शीर काढून तिची नवी दोरी करून आत बसवली. सर्जननी सांगितलं, नऊ महिने. ताईंनी सांगितलं, "नऊ म्हणजे नऊ. बाळंतपणासारखं आहे, घाई करून लवकर होत नाही."

साडेपाच महिने झाले आणि आमचा संघ अंतिम फेरीत पोचला. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा.

मला दुखत नव्हतं. मी सरळ पळत होतो. मला वाटलं, झालो बरा. ताईंनी चाचणी घेतली. एका पायावर उड्या, मशीनवर ताकद. चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के ताकद हवी. माझी एकाहत्तर. मांडी अडीच सेंटिमीटरनं वाळलेली. मी म्हटलं, "ताई, दुखत नाहीये हो!" त्या म्हणाल्या, "तीच तर भीती आहे. नवी दोरी अजून जिवंत झालेली नाही. तिच्यात रक्त खेळायला वेळ लागतो. मेलेलं दुखत नाही, बाबा."

त्यांनी लाल चकती लावली आणि फिटनेसच्या कागदावर सही केली नाही.

तेव्हाच्या व्यवस्थापकांनी मला आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणजे आजचे आपले अध्यक्षमहोदय. साहेब, घड्याळ बघू नका, पाच मिनिटं मघाशीच संपली. तुम्ही मला खुर्ची दिलीत, माझ्या बायकोची चौकशी केलीत. मग म्हणालात, "ताई चांगल्या आहेत, पण घाबरट आहेत. असा सामना आयुष्यात एकदा येतो. तू चषक उचलणार की पायाला तेल लावत घरी बसणार?" आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवलात.

त्यात लिहिलं होतं, 'क्लबच्या फिजिओंनी माझ्या तपासणीचे आकडे जाणूनबुजून कमी दाखवले. त्यांच्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.' खाली माझं नाव. नावावर सहीसाठी मोकळी जागा.

या सभागृहात बहुतेकांना वाटतं की ताईंना मुख्य संघातून काढलं ते 'अंतर्गत फेररचनेत'. नाही. त्या एका कागदावर काढलं. आणि त्या कागदावर सही माझी होती.

फसवून घेतली असं म्हणालो तर आत्ता तुम्ही सगळे हळहळाल. पण तसं नव्हतं. मी कागद वाचला. दोनदा वाचला. आकडे खरे आहेत हे मला माहीत होतं, उड्या मीच मारल्या होत्या. तरी सही केली, कारण मला खेळायचं होतं. ज्या बाईनं साडेपाच महिने रोज सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन इंच इंच वाकवला, तिला मी एका सामन्यासाठी खोटं पाडलं. तेव्हा साहेब, आज मला जो राग आलाय तो सगळाच तुमच्यावर आहे असं समजू नका. निम्मा माझ्याच वाट्याचा आहे. पण उरलेला निम्मा तुमचा, तो घ्यावाच लागेल.

दुसऱ्या दिवशी ताईंची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ज्युनियर संघांच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेरून एक सल्लागार डॉक्टर आणले. त्यांनी माझा पाय बघितला, मोजला नाही. सही केली. सामन्याच्या दिवशी गुडघ्यात इंजेक्शन दिलं. गुडघा असा झाला की जणू माझा नाहीच, कुणीतरी सांभाळायला दिलाय.

अडतिसावं मिनिट. माझ्या आसपास कुणी नव्हतं. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. मी फक्त वळलो. आवाज आला. वाळलेली फांदी मोडावी तसा. दुखलं काहीच नाही. इंजेक्शन होतं ना. दुखलं नाही म्हणून मी उठून उभा राहायला गेलो आणि त्या उठण्यात उरलंसुरलं गेलं. नवी दोरी तुटली, दोन हाडांमधली गादी फाटली, हाडावरची कूर्चा सोलून निघाली. इंजेक्शन नसतं तर मी पडून राहिलो असतो. सर्जननी नंतर सांगितलं, उठायला नको होतं.

ड्रेसिंग रूममध्ये मला झोपवलं. सल्लागार डॉक्टर फोनवर बोलत होते. दार ढकलून ताई आत आल्या. तिकीट काढून समर्थकांत बसल्या होत्या. दारावरच्या माणसानं अडवलं, "तुम्हाला परवानगी नाही." ताई म्हणाल्या, "मग मला बाहेर काढायला चार माणसं बोलाव. तोवर मी पट्टी कापते." कात्री घेतली, गुडघ्यावरची टेप कापली. मी म्हटलं, "ताई, मी..." म्हणाल्या, "बोलू नकोस. पायाची बोटं हलव."

'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द सोपे होते. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. नंतरही कधी नाही.

आणि तो सामना? जिंकलो की! बदली खेळाडूनं एकाहत्तराव्या मिनिटाला गोल केला. तो चषक बाहेर दालनात ठेवलाय, चकचकीत. माझ्याशिवाय जिंकला. म्हणजे माझी गरजच नव्हती. माझा पाय गेला, ताईंची अब्रू गेली, आणि दोन्ही फुकट.

चार महिन्यांनी क्लबनं करार संपवला. एक छापील पत्र आलं, खाली 'उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा'. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यही मारला आणि रोगीही.

त्यानंतर चौदा महिने मला कुणी उभं केलं? ताईंनी. ड्युटी संपवून, आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी टाकायची. यांचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, खुर्चीत बसून मोजायचे, "एकोणीस, वीस... दादा, विसावी अर्धी मारलीस, परत." माझी बायको पहिल्या दिवशी मला सोडायला आली, तेव्हा ताईंच्या दारात तिला रडू फुटलं. ताई म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत येऊन रड, दार उघडं राहिलं की डास येतात." आज मी शाळेत खेळ शिकवतो, उभा राहून. धावता येत नाही. चालता येतं, ते या बाईमुळे.

आणि त्या चौदा महिन्यांत एकदाही मी त्या कागदाबद्दल बोललो नाही. नंतरच्या वर्षांतही नाही. मूग गिळून बसलो. दरम्यान तीन वर्षांनी क्लबमध्ये जायबंदी खेळाडूंची रांग लागली, तेव्हा यांना पुन्हा मुख्य संघाकडे आणलं. कुणी माफी मागितली नाही. ताईंनी चिकटपट्टीचं नवं रीळ घेतलं आणि कामाला लागल्या.

गेल्या आठवड्यात या समारंभाचं निमंत्रण मिळालं आणि मला झोप लागेना. सकाळी उठून ताईंच्या घरी गेलो. त्या भाजी निवडत होत्या. मी उभ्यानंच म्हटलं, "ताई, सात वर्षांपूर्वी एक कागद..."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे."

"सही माझी होती, ताई."

"अरे, हजेरीपटावर रोज बघायचे तुझी सही. ओळखणार नाही होय? बदलीच्या दिवशीच दाखवला त्यांनी कागद."

म्हणजे चौदा महिने, रोज, माझा पाय हातात घेताना यांना माहीत होतं! मी विचारलं, "मग तुम्ही माझ्यावर उपचार कसे केलेत?"

म्हणाल्या, "सही हातानं केली होतीस. मी गुडघ्यावर काम करत होते."

तर मंडळी, आजचा हा समारंभ आत्ताच का? तेही सांगतो. आपला डावीकडचा विंगर तिसऱ्या रांगेत बसलाय, आईबरोबर. त्यानं स्वतः मला सगळं सांगितलंय आणि इथे बोलायची परवानगी दिलीय. त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झालेत. येत्या रविवारी मोठा सामना आहे. त्याची ताकद चौऱ्याहत्तर टक्के. ताईंनी तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या कागदावर सही करायला नकार दिला. दहा दिवसांत ताईंची 'स्वेच्छानिवृत्ती' जाहीर झाली. कुणाची स्वेच्छा? ताईंनी मागितली? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मला पत्रातून कळलं, की माझी इच्छा झालीय."

हसू नका, मंडळी. हसण्यासारखं आहे, पण हसू नका.

साहेब, तुम्ही उभे राहिलात. बसा, विनंती आहे. माइक बंद केलात तरी चालेल, मी तीस वर्षं मैदानात ओरडून काढलीयत, मागच्या रांगेपर्यंत आवाज जाईल.

आज सकाळी मी दोन कामं करून आलोय. लीगच्या वैद्यकीय समितीकडे लेखी जबाब दिलाय, की सात वर्षांपूर्वीचा तो कागद खोटा होता, मजकूर कुणी टाइप करून आणला होता, इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून दिलं. पोच घेतलीय. समिती पुढच्या महिन्यात दोघांनाही बोलावणार आहे, मला आणि तुम्हाला, साहेब. खोट्या कागदावर सही केल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई करायची ती करोत. शाळेतली नोकरी गेली तरी तक्रार नाही. बायकोला विचारून आलोय. ती म्हणाली, "सात वर्षं उशीर झालाय, आता रिक्षा कर, पण वेळेत पोच."

दुसरं काम, खेळाडू संघटनेच्या कार्यालयात गेलो. तिथे आम्ही एकवीस आजी-माजी खेळाडूंनी गेल्याच आठवड्यात अर्ज दिला होता. संघटनेनं तो आज मान्य केला. सोमवारपासून ताई संघटनेकडे बसतील. कुठल्याही क्लबचा खेळाडू तिथे जाऊन आपला पाय मोजून घेईल, आणि तो आकडा क्लबला बदलता येणार नाही. स्टँडखालची नाही, खिडकी असलेली खोली आहे. पलंग नवीन आहे. म्हणजे हा निरोप समारंभ आहे खरा, पण ताई कुठे चालल्यात हे संयोजकांना माहीत नव्हतं इतकंच.

विंगरदादा, तुला एकच सांगतो. इथे उठून काही जाहीर करू नकोस. सभागृहात दिलेल्या शब्दाला टाळ्या पडतात, आणि टाळ्यांच्या नादातच मी त्या दिवशी मैदानात उतरलो होतो. घरी जा. आईशी बोल. तुझ्या मनात जे येईल ते रविवारच्या आत, शांतपणे, लेखी दे. आणि तुझ्यापुढे कुणी टाइप केलेला कागद सरकवला, तर मला फोन कर. मी येऊन शेजारी बसेन.

आता आभार. मैदानाच्या काकांचे, ज्यांनी ताईंच्या खोलीचं गळणारं छत दर वर्षी स्वतःच्या हातानं लिंपलं. त्या पोस्टातल्या काकांचे, ज्यांनी माझ्या उठाबशा मोजल्या आणि एकही फुकट दिली नाही. तुम्हा सर्वांचे, पाचाची पंचवीस मिनिटं होऊनही जागचे हलला नाहीत म्हणून. बोलण्याच्या ओघात शब्द वाकडा गेला असेल, कुणाच्या वयाचा, पदाचा मान राखायचा राहिला असेल, तर श्रोत्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. जे घडलं ते मात्र पोटात घालू नका, घरी जाऊन चार जणांना सांगा.

आणि ताई, इथे रीतीप्रमाणे मी तुमची क्षमा मागायला हवी. मागत नाही. कारण मागितली की तुम्ही लगेच द्याल, आणि मग मला रात्री नीट झोप लागेल. मला ती इतक्यात लागू नये.

नमस्कार.